ओठातल्या ओठात

दुसरीच्या वर्गात हातच्याच्या बेरजा चालू असताना जरा कान देऊन बसावं. फळ्यावर शेहेचाळीस अधिक सदतीस. "सहा नि सात तेरा... तेराचे तीन, हातचा एक... चार नि तीन सात, नि हातचा एक, आठ." हे कुणी कुणाला सांगत नसतं. शेजारच्याला सांगायचं असतं तर मान वळली असती, आवाज थोडा वर गेला असता. मान वहीतच असते, ओठ हलत असतात आणि "हातचा एक" म्हणताना डाव्या हाताचं एक बोट आपोआप दुमडलं जातं. तीस-चाळीस मुलं एकाच वेळी अशी पुटपुटू लागली की वर्गभर गुणगुण पसरते. व्हरांड्यातून जाणाऱ्याला तो गोंगाट वाटतो. मग टेबलावर डस्टर आपटतो आणि हुकूम सुटतो, "तोंडं बंद. मनात करा."

हुकूम देणाऱ्या बाईंचा हेतू वाईट नसतो. पण ज्या 'मनात' करायला त्या सांगत असतात, ती जागा सात वर्षांच्या मुलाच्या आत अजून पुरती तयार झालेली नसते. ती तयार होते ती याच पुटपुटण्यातून. म्हणजे आपण पोचण्याच्या ठिकाणाचा आग्रह धरतो आणि तिथे नेणारा रस्ता बंद करतो. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती रोज घडते, हजारो वर्गांत घडते आणि शिस्त म्हणून घडते.

या पुटपुटण्याची पहिली शिस्तशीर नोंद जिनिव्हात झाली. झां पियाजे यांनी तिथल्या रूसो संस्थेच्या बालशाळेत सहा-सहा वर्षांच्या दोन मुलांचं बोलणं जवळपास महिनाभर टिपून घेतलं. १९२३ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात त्याचा हिशेब आहे. आपणहून केलेल्या बोलण्यातल्या दर शंभर वाक्यांपैकी एका मुलाची ४७ आणि दुसऱ्याची ४३ वाक्यं अशी होती, की ती कुणी ऐकावीत, कुणी उत्तर द्यावं, अशी त्या मुलांची अपेक्षाच नव्हती. जवळजवळ निम्मं बोलणं! पियाजे त्याला स्वकेंद्री भाषण म्हणाले; डी.एड. केलेल्या प्रत्येकाला हा शब्द पाठ असतो. त्यांचं म्हणणं असं होतं की मुलाला अजून समोरच्याच्या जागी उभं राहून पाहता येत नाही, म्हणून ते असं बोलतं. मोठं झालं, चार जणांत मिसळलं, की हे बोलणं कमी होत जातं आणि शेवटी संपतं.

पियाजे यांच्याच वर्षी, १८९६ मध्ये, बेलारूसमधल्या ओर्शा गावी लेव्ह वायगॉट्स्की जन्मले. वाढले गोमेलमध्ये, काम केलं मॉस्कोत. क्षयानं पोखरलेल्या या माणसाला आयुष्य मिळालं अवघं सदतीस वर्षांचं. त्यांनी पियाजे यांची आकडेवारी मान्य केली आणि एक वेगळाच प्रश्न विचारला. मूल असं केव्हा जास्त बोलतं? मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रं काढत बसलेल्या मुलांच्या वाटेत मुद्दाम छोट्या अडचणी ठेवल्या. कागद कमी पडायचा. हवी ती रंगीत पेन्सिल नेमकी तिथे नसायची. अडचण आली की मुलांचं स्वतःशी बोलणं जवळजवळ दुप्पट व्हायचं. निळी पेन्सिल न मिळालेलं मूल आधी स्वतःपाशी तक्रार करायचं, मग स्वतःलाच तोड सुचवायचं की लालनं काढू, वर पाणी लावू, गडद होईल, निळ्यासारखं दिसेल. ऐकायला कुणी नव्हतं, आणि तरीही त्या बोलण्यानं काम पुढे गेलं होतं.

त्यांनी नोंदवलेला आणखी एक प्रसंग मला सगळ्यांत जास्त आवडतो. साडेपाच वर्षांचं एक मूल ट्रामचं चित्र काढत होतं. चाक काढताना त्यानं पेन्सिल जोरात दाबली आणि शिसं मोडलं. तरी ते रेटत राहिलं. कागदावर नुसता वण उमटला. मोडलं, असं काहीसं ते स्वतःशी पुटपुटलं, पेन्सिल बाजूला ठेवली, जलरंग घेतले आणि अपघातात मोडलेली, दुरुस्तीला आलेली ट्राम रंगवायला बसलं. मधूनमधून चित्रातल्या बदललेल्या गोष्टीबद्दल स्वतःशी बोलतही राहिलं. तोंडून निघालेल्या एका शब्दानं सगळ्या चित्राची दिशा फिरवली. मोडलेल्या पेन्सिलीपाशी रडता आलं असतं, कागद फाडता आला असता. शब्द आला म्हणून मोड ही नुसती घडलेली गोष्ट उरली नाही, तिच्यापुढे काय करायचं हे ठरवता आलं.

हा शब्द कामाच्या कोणत्या टोकाला येतो, हेही वायगॉट्स्कींनी पाहिलं. अगदी लहान मूल आधी चित्र काढतं आणि मग त्याकडे पाहून ते काय आहे ते सांगतं. थोडं मोठं झालं की चित्र अर्धं झाल्यावर नाव येतं. आणखी मोठं झालं की आधी सांगतं, आता मी घर काढणार, आणि मग काढतं. शब्द शेवटाकडून सुरुवातीकडे सरकत येतो. शेवटी होता तेव्हा तो घडलेल्याला चिकटवलेलं नाव होता. सुरुवातीला आला की तो बेत होतो. घरात तीन आणि पाच वर्षांची भावंडं असतील तर एका दुपारी, एका खडूच्या पेटीवर हे सारं पाहायला मिळतं. त्यासाठी कुठलीही प्रयोगशाळा लागत नाही, फक्त "हे काय काढलंस?" असा प्रश्न घाईनं विचारायचा नाही एवढं पथ्य पाळावं लागतं.

पियाजे म्हणत होते की हे बोलणं विझतं. वायगॉट्स्कींनी दाखवलं की ते आत जातं. आधी मोठ्यानं, मग पुटपुटत, मग नुसते ओठ हलवत, आणि शेवटी तेही नाही. आत जाता जाता ते आखडतंही. मोठ्यानं बोलताना मूल पूर्ण वाक्य म्हणतं. आत गेल्यावर ज्याबद्दल बोलायचं ते गृहीतच असतं, त्यामुळे फक्त पुढचं पाऊल उरतं. पहिली-दुसरीतलं "तेराचे तीन, हातचा एक" चौथीत नुसतं "तीन, एक" होतं, आणि मोठेपणी दुकानात सुटे पैसे मोजताना तेवढंही उरत नाही. नाही म्हणायला, किल्ल्या हरवल्या, प्राप्तिकराचा फॉर्म समजेना, अनोळखी शहरात फलाट सापडेना, की चाळिशीतला माणूसही पुन्हा मोठ्यानं स्वतःशी बोलू लागतो. वाट अवघड झाली की आपण सगळेच त्या जुन्या पायरीवर परत येतो. मग सात वर्षांच्या मुलाला हातच्याची बेरीज ही अवघड वाट आहे, हे आपल्या लक्षात का राहू नये?

वायगॉट्स्कींचा आणखी एक प्रयोग असा होता. मुलाला अशा मुलांमध्ये बसवलं, ज्यांना त्याची भाषा समजत नव्हती किंवा ऐकूच येत नव्हतं. कधी शेजारी एवढा आवाज ठेवला की कुणाचंच कुणाला ऐकू जाऊ नये. बोलणं निव्वळ स्वतःपुरतं असतं तर अशा वेळी काहीच फरक पडायला नको होता. प्रत्यक्षात ते झपाट्यानं कमी झालं. म्हणजे मूल स्वतःशी बोलत असतं खरं, पण ते बोलणं अजून माणसांतून पुरतं सुटलेलं नसतं. कुणीतरी आहे, त्याला कळतंय, या भरवशावर ते चालतं. वायगॉट्स्कींच्या सगळ्या विचाराचा गाभा इथेच आहे : मनाचं प्रत्येक मोठं सामर्थ्य आधी दोन माणसांच्या मध्ये दिसतं आणि नंतर एकाच्या आत.

हे सगळं मांडणारं त्यांचं पुस्तक १९३४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर निघालं. दोन वर्षांनी सोव्हिएत पक्षानं बालविकासाच्या त्या साऱ्या अभ्यासशाखेवरच घाव घातला आणि पुस्तक दडपलं गेलं. रशियात ते पुन्हा आलं १९५६ मध्ये, इंग्रजीत १९६२ मध्ये. तेव्हा पियाजे हयात होते. त्यांनी ते वाचलं, इतक्या उशिरा वाचायला मिळाल्याची खंत मांडली आणि मुलांचं ते पुटपुटणं ही मनातल्या बोलण्याची सुरुवात आहे हे मान्य केलं. ज्याला उत्तर द्यायचं तो जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती.

पुढे अमेरिकेत जॉन फ्लॅव्हेल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९६६ साली एक सुंदर प्रयोग केला. मुलांना काही चित्रं दाखवायची, त्यातल्या काहींवर बोट ठेवायचं, आणि थोड्या वेळानं ती त्याच क्रमानं ओळखायला सांगायची. मधल्या पंधरा सेकंदांत मुलाच्या डोक्यावरच्या खेळण्यातल्या अंतराळवीराच्या शिरस्त्राणाची काच खाली ओढायची, म्हणजे त्याला चित्रं दिसू नयेत. डोळे झाकलेले, ओठ उघडे. ओठांची हालचाल वाचायला शिकलेला एक निरीक्षक समोर बसलेला. बालवाडीतल्या वीस मुलांपैकी दोघांचेच ओठ हलले. दुसरीच्या वीसपैकी बारा जणांचे, आणि पाचवीच्या वीसपैकी सतरा जणांचे. लक्षात ठेवायचं म्हणजे स्वतःशी नावं घोळवत राहायचं, ही युक्ती मुलांना जन्मतः येत नाही. पाच ते दहा या वयात ती हळूहळू हाती लागते. पुढच्याच वर्षी त्यांनी पहिलीतल्या, न पुटपुटणाऱ्या मुलांना ती युक्ती शिकवून पाहिली. शिकवल्यावर त्यांना इतरांइतकंच आठवू लागलं. म्हणजे अडत होतं ते कुवतीपाशी नव्हतं. पण 'आता तुम्हाला हवं तसं करा' म्हटल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांनी ती युक्ती सोडून दिली.

हा शेवटचा भाग शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. एकदा दाखवलं, जमलं, म्हणजे आलं असं होत नाही. मूल ते बोलणं स्वतःचं मानेपर्यंत कुणीतरी सोबत लागतं.

वाचनाचंही तसंच. पहिलीत प्रकट वाचन, मग हळूहळू मूकवाचन, असा आपल्याकडचा शिरस्ता आहे आणि तो बरोबरच आहे. चुकतं ते घाईत. मूकवाचनाच्या तासाला ओठ हलणाऱ्या मुलाला टोकलं जातं. खरं तर ओठ हलताहेत याचा अर्थ ते मूल वाचतंय, नुसतं पान धरून बसलेलं नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस मिलान शहरात बिशप अँब्रोज हे आवाज न करता, नुसत्या डोळ्यांनी वाचतात, हे पाहून संत ऑगस्टिन यांना ते लिहून ठेवण्याजोगं वाटलं होतं. प्रौढ, विद्वान माणसाचं मूकवाचनही जिथे नोंद घेण्याजोगं ठरलं, तिथे दुसरीच्या मुलानं ते सहा महिन्यांत करावं हा हट्ट कशासाठी?

शिक्षकाच्या सोयीचा विचार केला तरी पुटपुटणं ही देणगी आहे. बावन्न वजा सत्तावीस. वहीत उत्तर आलं पस्तीस. लाल फुली मारून पुढे जाता येतं. पण मूल करताना जे म्हणत होतं ते ऐकलं असतं तर कळलं असतं : "दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन, पाच. पाचातून दोन, तीन." या मुलाला वजाबाकी येते. लहानातून मोठं जात नाही हेही त्याला कळलेलं आहे. दशक सुटा करायचा, एवढंच अजून त्याच्या बोलण्यात आलेलं नाही. फुलीला यातलं काही माहीत नसतं. तसंच पंचवीस लिहायला सांगितल्यावर बावन्न लिहिणाऱ्या मुलाचं. त्याच्या ओठांकडे पाहिलं तर दिसतं की ते "पंच" म्हणत आधी पाच लिहितं आणि "वीस" म्हणत दोन. आपल्या संख्यानामांत एकक आधी बोलला जातो आणि अंक मात्र दशकापासून लिहायचे असतात. मुलाचा हात त्याच्या आतल्या आवाजाचं प्रामाणिकपणे ऐकतो आणि चुकतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशा वाचनाची जोड दिली तेव्हा वर्तमानपत्रांपासून विधिमंडळापर्यंत केवढं वादळ उठलं! भाषेच्या अभिमानानं बोलणाऱ्यांची बाजू मला समजते. पंचवीस हा शब्द मलाही गमवायचा नाही. पण त्या सगळ्या वादात मूल स्वतःशी काय म्हणत लिहितं, याची चर्चा फारच थोडी झाली.

आता यातला जड भाग. हा आतला आवाज माणसांकडून येतो, हे खरं असेल, तर तो कसा असेल तेही माणसांवरच ठरणार.

कॅथरीन नेल्सन यांनी एका मुलीच्या झोपण्यापूर्वीच्या बोलण्याचा अभ्यास १९८९ साली पुस्तकरूपानं मांडला. पुस्तकात तिचं नाव एमिली आहे. पावणेदोन वर्षांची असल्यापासून तीन वर्षांची होईपर्यंत तिचं बोलणं ध्वनिमुद्रित केलेलं होतं. झोपवताना वडील उद्या काय काय होणार ते सांगत, आणि ते खोलीबाहेर गेले की एमिली अंधारात तेच स्वतःला सांगत बसे : कोण येणार, कुठे जायचं, आधी काय, मग काय. आश्चर्य असं की आईवडिलांशी बोलताना तिची वाक्यं जेवढी होती त्यापेक्षा एकटीची वाक्यं लांब, गुंतागुंतीची आणि जुळवलेली होती. वडिलांनी सांगितलेला उद्याचा दिवस ती स्वतःच्या आवाजात पुन्हा बांधत होती. सांगणारं कुणी नसतं तर तिनं काय बांधलं असतं?

खुणांच्या भाषेत वाढणारी कर्णबधिर मुलंही एकटी असताना स्वतःशी हातांनी बोलतात, हे अभ्यासकांनी नोंदवलं आहे. म्हणजे मुद्दा घशातल्या आवाजाचा नाहीच. भोवतीच्या माणसांनी ज्या रीतीनं आपल्याशी संवाद केला, तीच रीत आत उतरते.

आपल्याकडे याचं एक जुनं, मोठं उदाहरण आहे. समर्थांचे मनाचे श्लोक. दोनशे पाच श्लोक, आणि सगळा संवाद स्वतःच्या मनाशी. दिवेलागणीला आजीच्या शेजारी बसून किंवा शाळेत एका सुरात ते म्हणणाऱ्या पिढ्यान् पिढ्यांच्या मुलांना त्यांचा अर्थ लगेच कळला असेल असं नाही. पण मनाला उद्देशून बोलता येतं, त्याला समजावता येतं, तेही हळुवारपणे, आपल्या जिवलगाशी बोलावं तसं, ही गोष्ट त्यांच्या कानांवरून गेली. पाठांतराला आज नाकं मुरडली जातात. निरर्थक घोकंपट्टीला मीही विरोधच करीन. पण स्वतःशी सौम्यपणे बोलण्याचा एक नमुना म्हणून या श्लोकांचं मोल मला फार मोठं वाटतं.

कारण दुसरा नमुनाही आपण मुलांना देत असतो. "एवढं साधं येत नाही?" "किती वेळा सांगायचं?" "ढ आहेस ढ." घाईत, थकव्यात, संध्याकाळच्या कुकरच्या शिट्यांत निघालेली वाक्यं. ती बोलणाऱ्याच्या तोंडून निघतात आणि त्याच्या दृष्टीनं तिथेच संपतात. मुलाच्या आत मात्र त्यांचा 'तू' जातो आणि 'मी' येतो. गणिताचा कागद पुढे आल्याबरोबर दहा वर्षांची मुलगी मनात म्हणते, "मला गणित येतच नाही", आणि ज्या आवाजानं तिला पुढची पायरी सांगायची तोच आवाज तिला थांबवतो. ते वाक्य तिचं नसतं. ती ते कुठून तरी घेऊन आलेली असते, आणि इतक्या वेळा म्हटलेलं असतं की आता ते तिला स्वतःचंच मत वाटतं.

डोनाल्ड मायकेनबॉम आणि जोसेफ गुडमन यांनी १९७१ साली हेच उलट्या बाजूनं करून दाखवलं. घाईनं, विचार न करता उत्तर देणाऱ्या मुलांना त्यांनी स्वतःशी बोलायला शिकवलं. आधी मोठ्या माणसानं मुलासमोर काम करायचं आणि करताना मोठ्यानं बोलायचं : मला काय करायचंय, सावकाश, इथून इकडे रेघ न्यायची. मुद्दाम एखादी चूक करायची आणि तीही मोठ्यानं सावरायची : चुकलं, हरकत नाही, खोडून परत करू. मग मुलानं काम करायचं, सूचना त्या मोठ्या माणसानं द्यायच्या. मग मुलानं स्वतःच मोठ्यानं सांगत करायचं. मग कुजबुजत. मग मनात. वायगॉट्स्कींनी जो प्रवास आपोआप होताना पाहिला होता, तोच इथे हात धरून करून घेतला गेला, आणि मुलं सावध झाली, कमी चुकू लागली. या सगळ्या पायऱ्यांत मला सगळ्यांत मोलाची वाटते ती चूक सावरण्याची. बिनचूक काम करून दाखवणारे मोठे मुलांना पुष्कळ भेटतात. चुकल्यावर स्वतःशी काय बोलायचं ते दाखवणारे फार कमी.

लॉरा बर्क यांनी अनेक वर्षं वर्गांत बसून मुलांचं स्वतःशी बोलणं ऐकलं. ज्या मुलांना लक्ष एका जागी ठेवणं जड जातं, ज्यांच्यासाठी आपण आता एडीएचडी हा शब्द वापरतो, त्यांचं पुटपुटणं इतरांपेक्षा उशिरा आत जातं, असं त्यांना दिसलं. या मुलांना उघड बोलण्याचा आधार जास्त दिवस हवा असतो. आणि वर्गात सगळ्यांत जास्त वेळा "गप्प बस" ऐकतात तीही तीच मुलं.

राहिली भाषेची गोष्ट. आतला आवाज माणसांच्या बोलण्यातून बनतो म्हटल्यावर तो पहिल्यांदा घरच्याच बोलीत बनणार. पालघरमधल्या वारली मुलाचा वारलीत, नंदुरबारच्या भिल्ल मुलाचा भिलोरीत, सिंधुदुर्गातल्याचा मालवणीत. आणि मराठी घरातून इंग्रजी माध्यमात गेलेल्या लाखो मुलांचा मराठीत. शाळेची भाषा वेगळी असली तरी मूल हळूहळू त्याही भाषेत स्वतःशी बोलायला शिकतं. दोन भाषांत विचार करणारी मुलं जगभर आहेत आणि ती मजेत आहेत. अडचण येते ती त्यांना घरच्या भाषेत पुटपुटायलाही बंदी होते तेव्हा. नव्या भाषेत अजून वाक्य जुळत नाही, जुन्या भाषेत बोललं तर ओरडा बसतो. अशा मुलाला आपण अबोल म्हणतो, लाजरं म्हणतो. त्याचं बोलणं तर थांबलेलं असतंच, पण त्या विषयापुरतं त्याचं विचार करण्याचं साधनही काढून घेतलेलं असतं.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, आणि पुढे त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला वारली पाड्यांवर अंगणात बालवाडी भरवली. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलापाशी न्यायची, हा त्यातला विचार सगळ्यांना माहीत आहे. त्याची एक बाजू मला अलीकडे जास्त जाणवते. अंगणात शाळा भरली की तिथे आई असते, आजी असते, शेण-पाणी, पाखडणं-निवडणं चालू असतं, आणि घरचं बोलणं बंद होत नाही. मुलाला शिकण्यासाठी आपला आवाज घरी ठेवून यावं लागत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून किंवा मातृभाषेतून शिकवण्याची शिफारस केली, तिच्याभोवती माध्यमाचं राजकारण बरंच रंगलं. माध्यम बदलायला वर्षं लागतील, इमारती, पुस्तकं, शिक्षक लागतील. पण इंग्रजी माध्यमातल्या तिसरीच्या मुलीला अपूर्णांक सोडवताना मराठीत पुटपुटू द्यायला काहीच लागत नाही. उत्तर तिनं इंग्रजीत लिहावं. मध्ये ती काय म्हणाली, कुठल्या भाषेत म्हणाली, ते तिचं.

मुख्याध्यापकांकडे माझं एकच मागणं आहे. पहिली ते तिसरीच्या लेखी चाचणीत मुलांना कुजबुजण्याची मुभा द्या आणि तसं पर्यवेक्षकांना आधी सांगून ठेवा. शेजारच्याला उत्तर ऐकू जाईल अशी भीती असेल तर बाकं थोडी लांब ठेवता येतात, किंवा शेजारी बसणाऱ्यांना वेगवेगळे आकडे देता येतात. आणि जी मुलं कागदावर काहीच न लिहिता बसून राहतात, त्यांच्याजवळ जाऊन, उत्तर न सांगता, एवढंच विचारावं : "आधी काय करायचं, मला सांग बरं." मग ती बोलू लागेपर्यंत तिथेच थांबावं.